ब्लॅकबर्न रोव्हर्स : हंगामवार तक्त्याच्या कामाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

कामाला हात घातला. येत्या ५ नोव्हेंबरला ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबला दीडशे वर्षं पूर्ण होतायत. त्याआधी क्लबचा पहिल्यापासून आजवरचा हंगामवार तक्ता मराठीत तयार व्हायला हवा. पुण्यात या क्लबचं नाव काढलं की "तो वेंकीजवाला ना?" एवढीच ओळख निघते. वेंकीज या पुण्याच्या कोंबडीपालन कंपनीने २०१० ला क्लब घेतला, त्याआधीची एकशे पस्तीस वर्षं कुणाच्या गावीही नसतात.

मदतीला भाचा आहे. एक्सेल त्याच्याकडे, आकडे आणि शेरे माझ्याकडे. रकाने असे ठरले: हंगाम, विभाग, सामने, विजय, बरोबरी, पराभव, केलेले गोल, खाल्लेले गोल, गुण, क्रमांक, एफए कप (इंग्लंडमधली जुनी बाद फेरीची स्पर्धा), इतर कप, व्यवस्थापक, शेरा. शेऱ्याचा रकाना भाच्याला नको होता, त्याचं म्हणणं त्यावर फिल्टर लागत नाही. शेरा राहणार.

हंगाम ऑगस्टला सुरू होऊन मेमध्ये संपतो, म्हणून प्रत्येक ओळीला दोन वर्षं लिहायची: १९९४–९५. कपाची अंतिम लढत मात्र नुसत्या नंतरच्या वर्षाने ओळखली जाते. '१९२८ चा कप' म्हणजे १९२७–२८ ची ओळ. सगळीकडे हेच पाळायचं.

३ जून

विभागांच्या नावांचा घोळ आज मिटवला. १९९२ ला प्रीमियर लीग वेगळी निघाली, तेव्हा जुना दुसरा विभाग 'पहिला विभाग' झाला. २००४ ला त्याच विभागाची पाटी पुन्हा बदलून 'चॅम्पियनशिप' झाली. नुसतं नाव लिहिलं तर १९९९–२००० मध्ये रोव्हर्स 'पहिल्या विभागात ११वे' दिसतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, वा, बरं चाललं होतं. प्रत्यक्षात ते वर्षभरापूर्वीच खाली घसरले होते. म्हणून नावाशेजारी 'पातळी' असा नवा रकाना घेतला: १, २ किंवा ३. तिसऱ्याच्या खाली हा क्लब कधी गेलेला नाही, त्यामुळे तीन आकड्यांत भागतं.

७ जून

लीगपूर्वीची वर्षं, १८७५ ते १८८८. इथे गुणतक्ताच नाही. होत्या त्या मैत्रीपूर्ण लढती, लँकेशायरमधल्या स्थानिक स्पर्धा आणि एफए कप. म्हणून या ओळींत फक्त कपाचे रकाने भरले.

आणि काय भरले! १८८२ ला अंतिम फेरीत ओल्ड इटोनियन्सकडून १–० हार. मग १८८४, १८८५, १८८६ असे लागोपाठ तीन कप. पहिल्या दोन्ही वेळी समोर ग्लासगोचा क्वीन्स पार्क होता. त्या काळी स्कॉटलंडचे क्लबही इंग्लंडच्या कपात खेळत. १८८६ ला वेस्ट ब्रॉमविचशी बरोबरी झाली आणि फेरसामना डर्बीला झाला. अंतिम लढत लंडनबाहेर होण्याची ती पहिलीच वेळ. तीन वर्षं लागोपाठ कप जिंकणं त्याआधी फक्त वाँडरर्सना जमलं होतं, आणि त्यानंतर आजवर कुणालाही जमलेलं नाही.

मधल्या १८८३ चं भाच्याला सांगून ठेवलं. त्या वर्षीचा कप 'ब्लॅकबर्न' जिंकला असं आढळलं तर तो आपला नव्हे, ब्लॅकबर्न ऑलिम्पिकचा. गाव एक, क्लब दोन. गिरणीतल्या आणि कारखान्यातल्या कामगारांचा हा संघ इटनच्या माजी विद्यार्थ्यांना हरवून कप उत्तरेला घेऊन गेला. कप उत्तरेत पहिल्यांदा आला तो त्यांच्यामुळे. पुढे पैसेवाल्या रोव्हर्ससमोर त्यांचा टिकाव लागला नाही आणि काही वर्षांतच तो क्लब बंद पडला. ऑलिम्पिकवर वेगळं लिहायला हवं, पण या तक्त्यात त्यांना जागा नाही.

८ जून

लीगची पहिली ओळ. १८८८–८९. सामने २२, विजय १०, बरोबरी ६, पराभव ६, गोल ६६–४५, गुण २६, क्रमांक ४.

बारा क्लबांनी मिळून लीग काढली, त्यांतले सहा एकट्या लँकेशायरचे. रोव्हर्सचा पहिला सामना १५ सप्टेंबर १८८८ ला, लीमिंग्टन रोडच्या मैदानावर, शेजारच्या ॲक्रिंग्टनशी. निकाल ५–५. पहिल्याच दिवशी दहा गोल आणि हाती बरोबरी.

गंमत पुढे आहे. हा सामना झाला तेव्हा बरोबरीला गुण किती, हे ठरलेलंच नव्हतं. लीग सुरू होऊन सामने चालू होते आणि मोजायचं कसं यावर वाद. एक पक्ष म्हणे गुण फक्त विजयाला द्या. विजयाला दोन, बरोबरीला एक हा हिशेब हंगामाच्या मध्यावर ठरला आणि मागच्या सामन्यांनाही लागू झाला. म्हणजे 'गुण' या रकान्याचा पाया पहिल्या वर्षापासूनच माणसांनी बसून ठरवलेला. हे पुढे कामाला येणार असं दिसतंय.

१४ जून

१८९० आणि १८९१ चे कप भरले. १८९० ला अंतिम लढतीत शेफील्डच्या वेन्सडेला ६–१ हरवलं. त्यात विल्यम टाऊनलीने हॅटट्रिक केली, एफए कपाच्या अंतिम लढतीतली पहिली. क्लब त्याच वर्षी ईवूड पार्कला राहायला गेला आणि आजही तिथेच आहे. मैदानाचा रकाना त्यामुळे घेतलाच नाही.

१८९७–९८ ची ओळ मात्र नुसत्या आकड्यांवर सोडता येत नाही. १६ क्लबांत रोव्हर्स १५वे. त्या काळी वरच्या विभागातले तळाचे दोन आणि खालच्या विभागातले वरचे दोन यांच्यात चाचणी सामने होत आणि त्यातून कोण वर, कोण खाली ते ठरे. शेवटच्या सामन्यात स्टोक आणि बर्नली आमनेसामने होते आणि दोघांनाही बरोबरी पुरेशी होती. मग काय, दोन्ही संघांनी गोलाकडे चेंडू मारायचाच नाही असा जणू पण केला. निकाल ०–०. रोव्हर्स खाली जाणार होते. पण एवढा बोभाटा झाला की लीगने पहिला विभागच १८ क्लबांचा केला आणि रोव्हर्सना न्यूकॅसलसोबत वर घेतलं. चाचणी सामने तिथेच बंद पडले.

शेरा: 'क्रमांक १५, मैदानावर घसरले, बैठकीत वाचले.' भाचा म्हणाला, "मामा, हे तक्त्यात शोभत नाही." शोभायला ते लग्नातलं आमंत्रण आहे का?

१५ जून

१९११–१२: २०–९–९ (विजय–बरोबरी–पराभव), गुण ४९, क्रमांक १. १९१३–१४: २०–११–७, गुण ५१, क्रमांक १. दोन्ही वेळचा कर्णधार बॉब क्रॉम्प्टन. ब्लॅकबर्नचाच मुलगा, बचावपटू, १८९६ ते १९२० पर्यंत एकाच क्लबात, इंग्लंडकडून ४१ सामने.

या दोन ओळींपाशी भाच्याने विचारलं, "मामा, ४९ गुणांत विजेतेपद? आणि १९९५ ला ८९?" प्रश्न रास्त आहे. १९८१–८२ पासून इंग्लंडमध्ये विजयाला तीन गुण झाले. एकाच रकान्यात त्याआधीचे आणि नंतरचे गुण खाली-खाली लिहिले तर वाचणारा त्यांची तुलना करणारच. मग असं ठरलं की 'गुण' रकान्यात त्या त्या वर्षीचे खरे गुण, आणि शेजारी 'पालट गुण', म्हणजे दुसऱ्या पद्धतीने मोजले तर किती. जुन्या हंगामांना तीनच्या हिशेबाने, नव्यांना दोनच्या.

१९११–१२ चे ६९ होतात, दुसऱ्या आलेल्या एव्हर्टनचे ६६. १९१३–१४ चे ७१, ॲस्टन व्हिलाचे ६३. दोन्ही विजेतेपदं जागच्या जागी.

नवा रकाना वाचताना एक भान ठेवायचं. विजयाला तीन गुण मिळतात म्हटल्यावर संघ वेगळे खेळतात, बरोबरीवर समाधान मानत नाहीत. तेव्हा 'असं झालं असतं' हे ठामपणे म्हणता येत नाही. तरी निकाल नियमावर किती टेकलेला होता, तेवढं दिसतं.

२१ जून

१९१५ ते १९१९ लीग नाही, ओळी रिकाम्या. १९२० चं दशक.

१९२५–२६ ला टेड हार्परचे लीगमध्ये ४३ गोल. एका हंगामातला क्लबचा हा विक्रम आजही उभा आहे, १९९० च्या दशकातल्या ॲलन शिअररलाही तो गाठता आला नाही. त्याच हंगामापासून ऑफसाइडचा नियम सैल झाला होता. पूर्वी चेंडू पुढे देताना पुढच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्यांचे तीन जण असावे लागत, आता दोन पुरत. संपूर्ण लीगमध्येच गोलांचा पाऊस पडला, म्हणून शेऱ्यात नियमबदलाची नोंद. हार्परचं कर्तृत्व त्याने कमी होत नाही.

१९२८ ला एफए कप, हडर्सफील्डवर ३–१. रॉस्कॅम्पचा गोल पहिल्याच मिनिटात. सहावा कप, आणि आजपर्यंतचा शेवटचा.

१९३५–३६ ला पहिली घसरण. व्हिलाही त्याच वर्षी खाली गेला. १८८८ पासून दोघंही कधी वरच्या विभागातून हललेले नव्हते.

या ओळींच्या मागे ब्लॅकबर्नची मोडकळीला आलेली कापडगिरणी आहे. गाव विणकरांचं, आणि तिथल्या मालाचा मोठा गिऱ्हाईक हिंदुस्थान. आपल्याकडे नेसली जाणारी धोतरं ब्लॅकबर्नच्या मागांवर विणली जात. महायुद्धानंतर ती बाजारपेठ आटत गेली, त्यात इथल्या गिरण्या आणि वर परदेशी मालावर बहिष्कार. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरला गेले आणि शेजारच्या डार्वेनला राहिले. ज्यांचं काम गेलं होतं त्या कामगारांनीच त्यांचं स्वागत केलं. शनिवारी दुपारी गिरणी सुटली की ईवूड पार्क भरे. गिरणीच बंद झाल्यावर तिकिटाचे पैसे कुठून येणार? एकट्या या कारणाने संघ घसरला असं म्हणता येत नाही, पण गावाच्या खिशाचा आणि क्लबच्या खिशाचा संबंध होताच. शेऱ्यात मावलं नाही म्हणून इथे लिहून ठेवतोय.

२२ जून

१९३८–३९: दुसऱ्या विभागात पहिले, वर बढती. व्यवस्थापक पुन्हा बॉब क्रॉम्प्टन, आता साठीच्या घरात. पुढच्या हंगामाचे तीन सामने झाले आणि महायुद्ध पेटलं. लीग थांबली, ते तीन सामने अधिकृत नोंदीतून काढून टाकले गेले.

"मामा, १९३९–४० ची ओळ ठेवायची की नाही?"

ठेवायची. आकडे टाकायचे नाहीत. शेरा: 'तीन सामन्यांनंतर रद्द.' शिवाय जून १९४० ला वेम्बलीवर युद्धकाळातल्या कपाची अंतिम लढत झाली आणि रोव्हर्स वेस्ट हॅमकडून १–० हरले, तेही शेऱ्यातच. कपाच्या रकान्यात ते बसत नाही, कारण तो एफए कप नव्हे. क्रॉम्प्टन १९४१ ला गेले. ज्या विभागात त्यांनी संघ परत नेला, तिथला पूर्ण हंगाम त्यांना पाहायला मिळाला नाही. लीग परत आली १९४६ ला आणि १९४८ ला रोव्हर्स पुन्हा खाली.

२८ जून

पालट गुणांचा रकाना आज पहिल्यांदा बोलला.

१९५७–५८, दुसरा विभाग, वरचे दोन वर जाणार. शेवटच्या सामन्याला रोव्हर्स लंडनला चार्ल्टनच्या मैदानावर. चार्ल्टनला बरोबरी पुरे, रोव्हर्सना विजयच हवा. रोव्हर्स ४–३ जिंकले.

वेस्ट हॅम : २३–११–८, गुण ५७
ब्लॅकबर्न : २२–१२–८, गुण ५६
चार्ल्टन : २४–७–११, गुण ५५

तीनच्या हिशेबाने वेस्ट हॅम ८०, चार्ल्टन ७९, ब्लॅकबर्न ७८. म्हणजे ४–३ जिंकूनही रोव्हर्स खालीच राहिले असते. चार्ल्टनने विजय जास्त मिळवले होते, रोव्हर्सनी बरोबऱ्या. जुन्या नियमाला बरोबरीची किंमत होती, तिने तारलं.

भाच्याने ओळीला पिवळा रंग दिला. यापुढे नियम पालटला तर निकाल पालटतो अशा ओळी पिवळ्या.

२९ जून

१९६० चा एफए कप, उपविजेते. वुल्व्ह्जकडून ३–०. पहिला गोल स्वतःच्याच खेळाडूच्या पायाला लागून. मध्यंतराच्या आधी डेव्ह व्हेलन या बचावपटूचा पाय मोडला. त्या काळी बदली खेळाडू नव्हता, उरलेला सामना दहा जणांनी खेळायचा. व्हेलन हे नाव लक्षात ठेवायचं, २०१२ च्या ओळीत ते परत येणार आहे.

५ जुलै

१९६६ ते १९८१ भराभर उरकलं. या काळात वर-खाली एवढं की पातळीच्या रकान्याचा आलेख करवतीसारखा दिसतो. १९६६ ला दुसऱ्या पातळीवर, १९७१ ला तिसऱ्या. १९७५ ला तिसऱ्या विभागात पहिले येऊन वर, १९७९ ला पुन्हा तिसऱ्यात, १९८० ला लगेच परत.

थांबावं लागलं ते १९८०–८१ पाशी. दुसऱ्या विभागात तीन क्लब वर जाणार होते. तिसऱ्या जागेसाठी स्वान्सी ५०, ब्लॅकबर्न ५०. स्वान्सीचे गोल ६४–४४, रोव्हर्सचे ४२–२९. गोलफरक २० विरुद्ध १३. रोव्हर्स चौथे, खालीच.

गोलफरकाची पद्धत तेव्हा नवी होती, १९७६ पासूनची. त्याआधी 'गोल सरासरी' असे, केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. कमी गोल खाणाऱ्या संघाला ती धार्जिणी. भाच्याला म्हटलं, बघ रे भागून. स्वान्सी १.४५५, ब्लॅकबर्न १.४४८. जुन्या मापानेही स्वान्सीच पुढे, पण केसाएवढं! रोव्हर्सनी अख्ख्या हंगामात एक गोल कमी खाल्ला असता तर सरासरीने ते पुढे गेले असते. तीन गुणांच्या हिशेबाने स्वान्सी ६८, ब्लॅकबर्न ६६. कुठल्याही मापाने मोजा, रोव्हर्स चौथेच. पिवळा रंग नाही.

६ जुलै

१९८७–८८ : क्रमांक ५, प्ले-ऑफमध्ये (बढतीच्या उरलेल्या एका जागेसाठीच्या बाद लढती) चेल्सीकडून हार.
१९८८–८९ : क्रमांक ५, प्ले-ऑफच्या अंतिम फेरीत क्रिस्टल पॅलेसकडून हार. घरच्या मैदानावर ३–१ जिंकून आले आणि परतीच्या लढतीत जादा वेळेत ०–३.
१९८९–९० : क्रमांक ५, प्ले-ऑफमध्ये स्विंडनकडून हार.
१९९१–९२ : क्रमांक ६, बढती.

तीनदा पाचवे येऊन दार बंद, एकदा सहावे येऊन थेट प्रीमियर लीगमध्ये. वेम्बलीवर लेस्टरविरुद्ध १–०, माइक न्यूवेलची पेनल्टी.

क्रमांकाच्या रकान्याला आता शेजारी बाणाचं चिन्ह जोडलंय, वर किंवा खाली. नुसत्या क्रमांकावरून बढती कळत नाही, हे या चार ओळींनी पटवलं.

१२ जुलै

ज्याची वाट बघत होतो ते हंगाम.

जॅक वॉकर या ब्लॅकबर्नच्याच पोलादवाल्याने १९९१ च्या सुरुवातीला क्लब हातात घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरात केनी डॅल्ग्लिशला व्यवस्थापक म्हणून आणलं. १९९० –९१ पासून क्रमांकाचा रकाना खाली वाचत जावा: दुसऱ्या पातळीवर १९, मग ६, आणि वर आल्यावर ४, २, १. शिअररचे लीगमधले गोल १९९३–९४ पासून ३१, ३४, ३१. पैशाने यश विकत घेतलं असं तेव्हाही म्हटलं जाई. घेतलं असेल. पण पैसा गावातलाच होता आणि तो ओतणारा लहानपणापासून याच क्लबचा.

१४ मे १९९५, शेवटचा दिवस. ब्लॅकबर्न ८९, मँचेस्टर युनायटेड ८७. रोव्हर्स ॲनफील्डवर लिव्हरपूलशी, म्हणजे डॅल्ग्लिशच्या जुन्या घरी. युनायटेड लंडनला वेस्ट हॅमशी. शिअररने गोल केला, जॉन बार्न्सने बरोबरी साधली, आणि जादा मिनिटांत जेमी रेडनॅपची फ्री-किक आत गेली. रोव्हर्स २–१ हरले. तिकडे युनायटेड गोलवर धडका मारत होते आणि वेस्ट हॅमचा गोलरक्षक मिक्लोश्को एकेक अडवत होता. तिथे १–१. हरलेला संघ विजेता, आणि लिव्हरपूलचे प्रेक्षक त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतायत. युनायटेड जिंकू नये एवढीच त्यांची इच्छा, ती पुरी झाली.

ब्लॅकबर्न : २७–८–७, गोल ८०–३९, गुण ८९
युनायटेड : २६–१०–६, गोल ७७–२८, गुण ८८

भाच्याने पालट गुणांचं सूत्र खाली ओढलं आणि म्हणाला, "मामा, हे बघा." दोनच्या हिशेबाने ब्लॅकबर्न ६२. युनायटेड ६२. बरोबरी! मग गोलफरक बघायचा: युनायटेड ४९, ब्लॅकबर्न ४१. गोल सरासरी काढली तर युनायटेडची २.७५, रोव्हर्सची जेमतेम २.०५. जुन्या नियमाने, गोलफरक लावा की सरासरी, कप युनायटेडचाच.

१८८८ ची लीग काढणाऱ्या बारा क्लबांपैकी प्रीमियर लीग जिंकलेला हा एकच. तेही विजयाला तीन गुण मिळत होते म्हणून. १९५८ ला ज्या बरोबऱ्यांनी वर नेलं, त्याच बरोबऱ्या स्वस्त झाल्याने १९९५ ला विजेतेपद मिळालं. ओळ पिवळी. भाच्याला ती सोनेरी हवी होती, त्यालाही हरकत घेतली नाही.

१३ जुलै

१९९५–९६: ७. शिअरर दीड कोटी पौंडांना न्यूकॅसलला, तो तेव्हाचा जागतिक विक्रम. १३, ६, आणि १९९८–९९ ला १९वे, ३५ गुण, खाली. प्रीमियर लीग जिंकून खाली गेलेला पहिला क्लब. घसरण पक्की झाली ती ईवूडवर युनायटेडशी ०–० बरोबरीत. ऑगस्ट २००० मध्ये वॉकर गेले. त्याच हंगामाच्या अखेरीस संघ वर.

२००१–०२: क्रमांक १०, आणि लीग कप, टॉटनहॅमवर २–१. वेम्बली पुनर्बांधणीसाठी बंद असल्याने सामना कार्डिफला. पुढची वर्षं ६, १५, १५, ६, १०, ७, १५, १०. शांत मधला काळ. शेऱ्यात फार काही नाही, आणि अशा मध्यम वर्षांची किंमत ती संपल्यावरच कळते.

१९ जुलै

पुणे आलं. नोव्हेंबर २०१० मध्ये वेंकीज, म्हणजे पुण्याच्या व्ही. एच. ग्रुपने, क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. महिन्याभरात व्यवस्थापक सॅम ॲलरडाइसला काढलं आणि स्टीव्ह कीन आला. २०१०–११: १५. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ इथे बालेवाडीला येऊन पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला. तक्त्यात त्याला जागा नाही, पण पुणेकर म्हणून शेऱ्यात अर्धी ओळ घुसवली.

२०११–१२: १९वे, ३१ गुण, खाली. ७ मे २०१२ ला ईवूडवर विगनकडून १–० हरल्यावर घसरण पक्की झाली. प्रेक्षकांनी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. मालकांच्या धंद्यावरचा तो टोला होता. आणि ज्या विगनने खाली ढकललं, त्याचे मालक डेव्ह व्हेलन. १९६० ला वेम्बलीवर ब्लॅकबर्नच्या जर्सीत पाय मोडून घेतलेले तेच. दोन्ही ओळींच्या शेऱ्यांत एकमेकींचा हवाला दिलाय.

२०१२–१३ ला व्यवस्थापकाच्या रकान्याने मान टाकली. कीन गेला, मग हंगामी एरिक ब्लॅक, मग हेनिंग बर्ग ५७ दिवस, मग हंगामी गॅरी बोयर, मग मायकेल ॲपलटन ६७ दिवस, मग पुन्हा बोयर. भाच्याने रकाना रुंद करून पाहिला, शेवटी एकाखाली एक लिहिले. बर्ग तर १९९५ च्या विजेत्या संघातला बचावपटू. जुन्या माणसालाही दोन महिने मिळाले नाहीत.

क्लबच्या पडझडीचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं यावर ब्लॅकबर्नमध्ये आजही चावडी भरते. दरवर्षी मालक पदरचे पैसे घालून तूट भरतात, हे खरं. त्यांच्या पहिल्या दोन वर्षांतल्या निर्णयांनी घर विस्कटलं, हेही तेवढंच खरं. मी दोन्ही लिहिलंय.

२६ जुलै

२०१६–१७. पातळी २, क्रमांक २२, खाली. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या पातळीवर जाण्याची पहिलीच वेळ. तारीख पुन्हा ७ मे. रोव्हर्सनी ब्रेंटफर्डला जाऊन ३–१ विजय मिळवला, पण नॉटिंगहॅम फॉरेस्टनेही आपला सामना ३–० जिंकला.

फॉरेस्ट : १४–९–२३, गुण ५१, गोलफरक उणे १०
ब्लॅकबर्न : १२–१५–१९, गुण ५१, गोलफरक उणे १२

दोन गोलांनी गेले. दोनच्या हिशेबाने मोजलं तर ब्लॅकबर्न ३९, फॉरेस्ट ३७. जुना नियम असता तर रोव्हर्स वाचले असते आणि फॉरेस्ट खाली गेला असता. पंधरा बरोबऱ्या! १९५८ ला बरोबऱ्यांनी बढती मिळवून दिली, २०१७ ला मात्र प्रत्येक बरोबरीमागे दोन गुण पाण्यात गेले.

"म्हणजे नियमाने एकदा कप दिला आणि एकदा बुडवलं," भाचा म्हणाला. अरे, १९५८ विसरलास. त्या वर्षी जुन्या नियमाने दिलं. हिशेब अजून क्लबच्याच बाजूने आहे.

पिवळ्या ओळी तीन झाल्या: १९५७–५८, १९९४–९५, २०१६–१७. बाकी कुठे पालट गुणांनी क्लबचं विजेतेपद, बढती किंवा घसरण बदलते का, ते भाचा दोन्हीकडच्या सगळ्या शेजारी क्लबांचे आकडे घालून तपासतोय. पालट गुण फक्त आपल्या क्लबचे काढून भागत नाही, वरच्या आणि खालच्या क्लबांचेही लागतात. काम वाढलं, पण त्याशिवाय हा रकाना नुसती शोभा आहे.

२७ जुलै

२०१७–१८: ९६ गुण, दुसरे, एका वर्षात परत वर. टोनी मोब्रे. मग १५, ११, १५, ८. २०१९–२० ला कोविडमुळे हंगाम मार्चमध्ये थांबून जुलैत संपला, शेऱ्यात नोंद.

२०२२–२३: क्रमांक ७, गुण ६९. सहाव्या सुंदरलँडचेही ६९. शेवटच्या दिवशी मिलवॉलला ३–१ असे मागे असताना ४–३ हरवलं, १९५८ चाच निकाल, तोही लंडनलाच. पण गोलफरक उणे २, सुंदरलँडचा अधिक १३. प्ले-ऑफ हुकला. गोल करण्यापेक्षा जास्त खाऊन कुणी सातवं येतं, ही ओळ बघून भाचा बराच वेळ आकडे पुन्हा पुन्हा मिळवत बसला. बरोबर आहेत. २० सामने जिंकले ते थोडक्यात, हरले ते सपाटून. दोनच्या हिशेबाने सुंदरलँड ५१, ब्लॅकबर्न ४९. पिवळा नाही.

२०२३–२४: १९.

२ ऑगस्ट

२०२४–२५: क्रमांक ७, गुण ६६, प्ले-ऑफ दोन गुणांनी हुकला. फेब्रुवारीत व्यवस्थापक जॉन युस्टस डर्बीला गेला, व्हॅलेरियन इस्माएल आला. दोघांची नावं, रकाना रुंद असल्याने एका ओळीत बसली.

शिल्लक कामं: १९१९ ते १९३६ मधल्या व्यवस्थापकांची नावं. त्या काळी बऱ्याच क्लबांत संघ निवडीचं काम संचालकांची समिती आणि सचिवच करत, तेव्हा कुणाला 'व्यवस्थापक' म्हणायचं ते ठरवायचंय. माझं मत, जिथे समिती होती तिथे 'समिती' असंच लिहावं. एफए कपाचे फेरसामने एका चौकटीत की दोन, तेही. भाचा दोन म्हणतो, मी एक.

२०२५–२६ ची ओळ उघडून ठेवली. पातळी २. बाकी रकाने मेमध्ये.